कागदावरची अकरा माणसं

आजीच्या घरात अकरा माणसं राहतात, हे जॅनेलला पोलिसांच्या कागदावरून कळलं.

कागद फ्रेझर वकीलबाईंनी शुक्रवारी पाठवला. जॅनेलने तो लायब्ररीच्या मागच्या खोलीत, नवीन पुस्तकांवर नंबर चिकटवता चिकटवता, तीनदा वाचला. पहिल्यांदा वाचताना एक नंबर उलटा चिकटला. दुसऱ्यांदा राग आला. तिसऱ्यांदा मात्र तिला निव्वळ नवल वाटायला लागलं, आणि ते रविवार उजाडला तरी ओसरलं नव्हतं. कुणीतरी एका टेबलाशी बसून हे घर मोजलं होतं. कॉफी पीत असेल कदाचित. अर्नेस्टीन टॉलिव्हर, वय एक्याऐंशी, डाव्या खुब्यात धातूचा सांधा, हिचं लिंडेन रस्त्यावरचं चारशे बारा नंबरचं घर. कसं मोजलं असेल?

"अगं, वाचणार आहेस की नुसती बघत बसणार आहेस?" रॉस्को मामा म्हणाला. त्याने तिसऱ्यांदा चिकन वाढून घेतलं होतं. "चार वाजता बाई येणार. त्याआधी मला माझ्यावरचे आरोप तरी कळू देत."

"तुझ्यावर आरोप नाहीत, मामा. तुझे सहा गुण आहेत."

"गुण?"

चर्च सुटून दीड तास झाला होता. आजीच्या जेवणाच्या टेबलाभोवती मामा, व्हर्डेल मावशी, मावशीचा क्विंटन आणि जॅनेल. ओपल आतल्या खोलीत बाहुलीची वेणी घालत होती, आयझॅक आजीच्या मांडीवर कॉर्नब्रेडचा तुकडा चिवडत होता. नऊ महिन्यांचा झाला होता. त्या गुरुवारनंतर डाव्या बाजूने हाक मारली तर कधी वळे, कधी वळत नसे. डॉक्टर म्हणाले होते, महिन्याने पुन्हा तपासू. तोवर जॅनेल दिवसातून वीस वेळा त्याच्या डावीकडे जाऊन उभी राहत होती.

तीन आठवड्यांपूर्वीचा गुरुवार. सकाळचे सव्वासहा. जॅनेल रोजच्यासारखी मुलांना घेऊन पावणेसहाला आजीकडे आली होती, कारण तिची कामाची वेळ सातची आणि ओपलची शाळेची बस आजीच्या कोपऱ्यावर येते. ती स्वयंपाकघरात ओपलचे केस विंचरत होती. पुढच्या खोलीत आयझॅक त्याच्या जाळीच्या पाळण्यात. आधी आवाज आला तेव्हा तिला वाटलं, वरच्या मजल्यावरचं कपाट कोसळलं. मग दुसरा आवाज, आणि त्याच्यासोबत इतका पांढरा उजेड, की स्वयंपाकघराची भिंतसुद्धा काही क्षण दिसेनाशी झाली. लोखंडी ओंडक्याने दार फोडून पोलिसांनी कानठळ्या बसवणारा, डोळे दिपवणारा स्फोटाचा डबा आत फेकला होता. पाळण्यापासून दोन वितींवर गालिचा जळाला. बावीस पोलीस, शिरस्त्राणं, लांब बंदुका, बाहेर हिरवळीवर चढलेली चिलखती गाडी. आजीला पालथं झोपवून तिच्या पाठीवर एकाने गुडघा ठेवला. "माझ्या खुब्यात..." एवढंच ती म्हणू शकली. ते क्विंटनला शोधत होते. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं, की तो नशेच्या गोळ्या विकतो. क्विंटन तीन वर्षं पलीकडच्या गावात राहतो, टायरच्या गोदामात कामाला आहे. त्याच दुपारी तो पास्टरसाहेबांना घेऊन स्वतः चौकीत गेला. दोन तास प्रश्न विचारून त्याला सोडून दिलं.

"मला फोन केला असता तर मी आलो असतो," क्विंटन आताही म्हणाला. हे वाक्य तो तीन आठवडे म्हणत होता. "खरंच आलो असतो."

"तू गप्प बस," व्हर्डेल मावशी म्हणाली. "लायसन्सवरचा पत्ता बदल म्हणून मी तुला किती वेळा सांगितलं होतं?"

"आई, तुझाच पत्ता कुठे बदललाय?"

मावशीने काटा खाली ठेवला.

"वाच गं," आजी म्हणाली. "त्यांना आपापसात भांडायला अख्खं आयुष्य आहे."

जॅनेलने कागदाची घडी उलगडली. "वरती लिहिलंय, 'धोक्याची मोजणी'. एकेका गोष्टीला गुण आहेत. पंधरापर्यंत गुण झाले, तर दोन अधिकारी येऊन दारावर टकटक करतात. पंधराच्या वर गेले, की ते खास पथक."

"आणि आपले?"

"सतरा."

"सतरा!" मामा मागे टेकला. "शाळेत मला कुठल्याच पेपरात सतरा पडले नव्हते."

क्विंटनला हसू आलं, मग लाज वाटली, मग पुन्हा हसू आलं. आजीसुद्धा तोंडावर रुमाल धरून गदगदली. जॅनेल हसली नाही, पण तिला बरं वाटलं. असं हसणं या घरात तीन आठवडे झालं नव्हतं.

"पहिले सहा गुण," ती म्हणाली, "घरात बंदुका."

"माझ्या घरात?" आजी म्हणाली. "माझ्या घरात भाजी चिरायची सुरी बोथट आहे."

"रॉस्को मामाचा शिकारीचा परवाना. पत्ता चारशे बारा लिंडेन."

सगळे मामाकडे वळले. तो ट्रक चालवतो. वर्षातले आठ महिने रस्त्यावर, उरलेले चार कुठेतरी भाड्याच्या खोलीत. "मग कुठला पत्ता देऊ?" तो म्हणाला. "ट्रकचा? परवाना पोस्टाने येतो बाबा. आई उचलून ठेवते. आणि बंदुका माझ्या खोलीवर आहेत, कुलपात. इथे एकही नाही."

"हो, पण त्यांनी बघितलं कुठे?" जॅनेल म्हणाली. ते बोलताना तिचं तिलाच पुन्हा नवल वाटलं. "कुणी इथे येऊन उभंसुद्धा राहिलं नाही, मामा. समोरच्या फुटपाथवर एक दिवस कुणी थांबलं असतं ना, तर त्याला काय दिसलं असतं? सकाळी एक बाई दोन मुलांना घेऊन येते. मग बस येते. मग आजी पायरी झाडते. बस्स."

"पुढे?"

"चार गुण. घरात सैनिकी प्रशिक्षण घेतलेल्या दोन व्यक्ती."

आता मामा हसायचा थांबला. ते त्याचे जुळे मुलगे. दोघं सैन्यात, दोघं टेक्सासच्या छावणीत. भरती होताना दोघांनी कायमचा पत्ता म्हणून आजीचा दिला होता, कारण त्यांच्या बापाला कायमचा पत्ताच नव्हता.

"देशासाठी गेले ना रे माझे पोरगे?" मामा हळू म्हणाला. "त्याचे चार?"

"दोघांचे मिळून."

"स्वस्तात गेले," क्विंटन म्हणाला, आणि मावशीने त्याच्या मनगटावर चापट मारली.

"मग पाच गुण, घरात पाचापेक्षा जास्त मोठी माणसं." जॅनेलने बोट ठेवून नावं वाचली. आजी. मामा. मामाची घटस्फोट घेतलेली बायको, जी अकरा वर्षांपूर्वी गेली. जुळे दोघं. व्हर्डेल. क्विंटन. जॅनेल. जॅनेलचा नवरा एमेट. ही झाली नऊ.

"तुझं नाव कसं काय?" मावशीने विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

जॅनेल नदीपलीकडे, चौदाव्या रस्त्यावरच्या इमारतीत राहते. तिथल्या शाळेत ओपलच्या वर्गाला दोन वर्षांत चार शिक्षिका बदलल्या होत्या. ओपल तेव्हा पहिलीत होती आणि तिला वाचता येत नव्हतं. मग जॅनेलने विजेचं एक बिल आपल्या आणि एमेटच्या नावावर करून घेतलं, चारशे बारा लिंडेन, आणि ते शाळेच्या ऑफिसात नेऊन दिलं. आज ओपल दुसरीत आहे आणि सीरियलच्या खोक्यावरची बारीक अक्षरंसुद्धा वाचते. याच जिल्ह्यात मागच्या वर्षी एका आईला असा पत्ता दिल्याबद्दल कोर्टात उभं केलं होतं. जॅनेलने ती बातमी इतक्या वेळा वाचली होती, की त्या बाईच्या कोटाचा रंगसुद्धा तिच्या लक्षात होता.

"आता तुला दिसतंय ना?" मावशी म्हणाली. आवाज खाली आणला, ओपलला ऐकू जाऊ नये म्हणून. "फ्रेझर बाई येऊन यादी करणार. कोण खरं राहतं, कोण नाही. प्रत्येकाने शपथेवर सांगायचं. ते कागद कोर्टात जाणार, म्हणजे उद्या कुणीही वाचणार. तुझी पोरगी शाळेतून बाहेर. आणि मी? मी तीस वर्षं मतदानाच्या दिवशी इथल्या शाळेच्या हॉलमध्ये मतदारांची यादी घेऊन टेबलाशी बसते. माझं स्वतःचं नाव आईच्या पत्त्यावर, चुकीच्या यादीत, हे मी कुणाला सांगू? बाबांनी तिथे मत दिलं म्हणून मी तिथे देते. चोरी केली का मी?"

"चोरी कुणी म्हटलं नाही, मावशी."

"मग सांगायचंच कशाला? दार मोडलं, गालिचा जळाला, आईच्या पाठीला लागलं. एवढं पुरे नाही?"

"पुरे नाही," क्विंटन म्हणाला. "आई, बाईंनी सांगितलंय ना. आपण शपथेवर बदल केला नाही, तर ती मोजणी त्यांच्याकडे तशीच राहते. पुढच्या वेळी कुणी फोन करून काहीही सांगितलं, की पुन्हा सतरा. पुन्हा तीच गाडी."

"तुझ्या नावाने."

"हो, माझ्या नावाने! माहितेय मला!" क्विंटनचा आवाज चढला आणि आयझॅकने त्याच्याकडे पाहिलं. उजवीकडून. क्विंटन एकदम मऊ झाला. "माहितेय मला, आई."

मामाने कोलार्डची भाजी ताटात इकडून तिकडे केली.

"नऊ झाली," आजी म्हणाली. "अकरा म्हणालीस."

जॅनेलने कागद खाली ठेवला. हा भाग तिला वाचायचा नव्हता. "होझिया टॉलिव्हर," ती म्हणाली.

आजोबा जाऊन सोळा वर्षं झाली होती.

"त्यांचं मासेमारीचं मासिक येतं अजून," आजी म्हणाली. कुणी विचारलं नव्हतं, तरी स्पष्टीकरण दिल्यासारखं. "मी बंद केलं नाही. नावावर येतं ना. बरं वाटतं." मग ती थांबली. "आणि अकरावं?"

"आई."

लॉरेन. आजीची धाकटी, जॅनेलची आई. चार वर्षं झाली.

"तिचे दोन गुण आहेत," जॅनेल म्हणाली. आवाज तिने सरळ ठेवला. "पूर्वी अटक. हॉस्पिटलमधल्या आयांचा संप झाला होता ना, तेव्हा दारात बसली म्हणून पकडलं होतं. एका दिवसाची अटक."

"संध्याकाळी सोडलं होतं," आजी म्हणाली. "मी तिला आणायला गेले होते. गाणं म्हणत बाहेर आली."

"सहा, चार, पाच आणि दोन," मामा बोटांवर मोजत म्हणाला. मोजता मोजता त्याच्या लक्षात आलं. "लॉरेनचे दोन काढले तर पंधरा."

"हो."

"म्हणजे टकटक."

"हो, मामा. टकटक."

हेच शुक्रवारपासून जॅनेलच्या डोक्यात फिरत होतं. दार फोडावं की ठोठावावं, हे तिच्या आईने ठरवलं होतं. चार वर्षांपूर्वी मेलेल्या, चाळीस किलोच्या, शेवटी चमच्याने सूप पाजावं लागलेल्या तिच्या आईने. आणि तो कागद लिहिणाऱ्याला हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं असेल, लॉरेन दाराआड उभी आहे.

"मी विचारू का एक?" जॅनेल आजीकडे वळली. "तू कधीच कुणाला नाही का म्हणाली नाहीस? आम्ही सगळ्यांनी तुझ्याच पत्त्यावर आपापला संसार नेऊन टाकला. तू हो, हो म्हणत राहिलीस."

आजीने आयझॅकच्या तोंडातून कॉर्नब्रेडचा मोठा तुकडा काढला. "मी अलाबामाहून आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. काचेच्या कारखान्यात बायका घेत होते. खिडकीतल्या माणसाने विचारलं, पत्ता? मी तेव्हा तीन घरांत झोपत होते. आज हिच्या स्वयंपाकघरात, उद्या तिच्या. मी म्हटलं, उद्या सांगते. तो म्हणाला, उद्या दुसरी येईल. रांगेत माझ्यामागे मिसेस पर्डी उभी होती, केस कापायचं दुकान होतं तिचं. ओळख ना पाळख. तिने मागूनच ओरडून स्वतःच्या दुकानाचा पत्ता सांगितला. म्हणाली, ही माझ्याकडेच राहते." आजी थोडं हसली. "त्या पत्त्यावर मी एकतीस वर्षांची नोकरी केली. तेव्हाच ठरवलं, आपलं घर झालं की कुणी विचारलं तर हो म्हणायचं. त्यात कुणाला बंदूक घेऊन यावं लागेल, हे मला कसं कळणार?"

"तुला नाहीच कळणार," जॅनेल म्हणाली. "कळायचं काम त्यांचं होतं."

बरोबर चार वाजता ओडेट फ्रेझर बाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, हातात शिक्क्याची छोटी पेटी. त्या मागच्या दाराने आल्या, कारण पुढच्या दाराच्या जागी अजून प्लायवूड ठोकलेलं होतं. आजीने त्यांच्यासमोर पीच घालून भाजलेल्या गोड कॉबलरची बशी सरकवली आणि त्या नाही म्हणाल्या तरी तिथेच राहू दिली.

व्हर्डेल मावशी उठली. "मी काही सांगणार नाही," ती म्हणाली. "ओडेट, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मला जमणार नाही." तिने पर्स उचलली आणि बाहेर गेली. पण गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. खिडकीतून जॅनेलला दिसलं, ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून नुसती बसली होती.

"आधी कोण?" फ्रेझर बाईंनी विचारलं.

"मी," आजी म्हणाली. "घर माझं आहे."

तिने आयझॅकला मामाकडे दिलं आणि उजवा हात वर केला. खांद्यापर्यंतच गेला. पोलिसाने पाठीवर गुडघा ठेवला होता त्या बाजूचा तो हात. जे सांगेन ते खरं सांगेन, असं ती म्हणाली. चाळीस वर्षं रविवारच्या वर्गात मुलांना बायबल शिकवणारी बाई. केक बिघडला तर तो बिघडलाच म्हणते, शेजारणीने स्तुती केली तरी.

"तुमच्याशिवाय या घरात कोण राहतं, मिसेस टॉलिव्हर?"

"माझी नात जॅनेल," आजी म्हणाली. "आणि तिची दोन मुलं. बाकी कुणी नाही."

फ्रेझर बाईंचं पेन कागदावर टेकलं. मामाने मान खाली घातली. क्विंटन खिडकीकडे बघायला लागला.

जॅनेलला कळायला क्षणभर वेळ लागला. आजीचा हात अजून वरच होता. तो किंचित हलत होता, दुखत होता म्हणून की खोटं बोलत होती म्हणून, कोण जाणे. एवढं मात्र दिसत होतं, की ती तो खाली घेणार नाही. ओपलच्या शाळेसाठी ती तो दिवसभर वर धरून बसेल.

"आजी, थांब."

"मी बोलतेय ना."

"हात खाली घे."

"जॅनेल!"

"बाई, ते खोडा. मी इथे राहत नाही." एकदा निघाल्यावर बाकीचं आपोआप आलं. "चौदावा रस्ता, नंबर दोनशे सहा, तिसरा मजला. मी, एमेट आणि मुलं. मी ओपलच्या शाळेसाठी हा पत्ता दिला."

फ्रेझर बाईंनी पेन उचललं. "जॅनेल, हा कागद खुला असेल. शाळेच्या हातात पडू शकतो. तुम्हाला माहिती आहे ना?"

"माहिती आहे. शाळेत मी स्वतःच जाईन, उद्या सोमवारी. त्यांना कागदातून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

"ते तिला काढतील," आजी म्हणाली. आवाज फुटला. "पोरगी वाचायला लागलीय गं. मला वाचून दाखवते. एवढ्यासाठी एक खोटं मी देवाला समजावून सांगितलं असतं."

"देवाला समजलं असतं, आजी. त्या माणसांना समजणार नाही." जॅनेल तिच्याजवळ खुर्ची ओढून बसली. "तू सांगितलंस की मी इथे राहते, तर मी त्यांच्या यादीत राहते. माझ्याबरोबर एमेट राहतो. मग मामा का नाही, क्विंटन का नाही, असं ते विचारणार. मग पुन्हा तोच आकडा. आणि या कागदावर अजून एक रकाना आहे. मघाशी मी तो गाळला, माझ्याच्याने वाचवला नाही. 'घरात लहान मुलं.' तिथे काय लिहिलंय माहितेय?"

आजीने मान हलवली.

"शून्य."

मामाने आयझॅकला छातीशी घट्ट धरलं. आयझॅकला ते आवडलं नाही, तो कुरकुरला.

"मी शाळेला, पोस्टाला, वीज कंपनीला, सगळ्यांना सांगितलं होतं की माझी मुलगी इथे राहते," जॅनेल म्हणाली. "ज्यांना ठाऊक असायला हवं होतं, त्यांनी तेवढंच सोडून सगळं बघितलं. मला ते शून्य बदलायचंय. आधी ते."

मग दुखऱ्या खांद्याला डाव्या हाताचा आधार देत आजीने हात पुन्हा वर केला.

"नव्याने विचार, ओडेट."

"तुमच्याशिवाय या घरात कोण राहतं, मिसेस टॉलिव्हर?"

आजीने रॉस्को मामाकडे पाहिलं, क्विंटनकडे पाहिलं, खिडकीबाहेर गाडीत बसलेल्या व्हर्डेलकडे पाहिलं. मग टेबलाच्या त्या दोन खुर्च्यांकडे, जिथे आता कुणी बसत नसे आणि तरी कुणी त्या हलवत नसे.

"कुणी नाही," ती म्हणाली. "मी एकटी राहते." आणि बाईंचं पेन टेकायच्या आत तिने घाईने पुढे म्हटलं, "थांब. रोज सकाळी पावणेसहापासून दोन लहान मुलं. एक चालणारं, एक रांगणारं. ते आधी लिही."